नम्पाय एक, तोंडं अनेक

कुठल्याही संशोधन संस्थेत सकाळी अकराच्या सुमारास चक्कर मारावी. कुणीतरी एक जण दोन्ही हात डोक्यामागे बांधून स्क्रीनकडे टक लावून बसलेला दिसतोच. विश्वाची उत्पत्ती, मॉन्सूनचं आगमन, गेला बाजार भातावरचा करपा, असा काहीतरी खोल विचार चालला असावा, असा पाहुण्यांचा समज होतो आणि संस्थेचे संचालक तो दूर करत नाहीत. जवळ जाऊन पाहिलं तर स्क्रीनभर लाल अक्षरं असतात.

"काय चाललंय?"

"इन्स्टॉल करतोय."

हा संवाद सोमवारचा. गुरुवारी त्याच माणसाशी तोच संवाद पुन्हा होतो. फक्त मधल्या काळात त्याची दाढी वाढलेली असते.

हल्ली विज्ञानाचा मोठा भाग पायथन या संगणकी भाषेत चालतो आणि पायथनचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या पॅकेजांवर चालतो. ही पॅकेजं फुकट मिळतात. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत ही रीत मला मान्य आहे. पुढच्या मजकुरात ती कुठे मोडलेली आढळल्यास त्या दिवशी इन्स्टॉल झालं नव्हतं असं समजावं.

या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी आहे नम्पाय. आकड्यांच्या भल्यामोठ्या तक्त्यांवर भराभर गणित करायचं, एवढंच त्याचं काम. पण ते सगळ्यांनाच लागतं. सायपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब, सायकिट-लर्न, अ‍ॅस्ट्रोपाय, सगळे त्याच्या जिवावर. 2019 साली कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्याच्या पाठीमागच्या गणितातही नम्पाय होतं. गंमत म्हणजे नम्पायचा जन्मच मुळी एक भाऊबंदकी मिटवण्यासाठी झाला. 1995 पासून न्यूमेरिक नावाचं एक पॅकेज होतं. पुढे हबल दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या संस्थेतल्या मंडळींनी न्यूमअ‍ॅरे नावाचं दुसरं काढलं. निम्मे लोक इकडे, निम्मे तिकडे, आणि एकाचा तक्ता दुसऱ्याला चालेना. शेवटी ट्रॅव्हिस ऑलिफंट या गृहस्थांनी दोन्ही घरं एकत्र आणून 2006 मध्ये नम्पाय 1.0 काढलं. पुढची जवळजवळ अठरा वर्षं पहिला आकडा एकचा दोन झाला नाही. एवढं स्थैर्य आपल्याकडे सरकारांनाही लाभत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पायथनचा एक नियम आहे: एका एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे पॅकेजांच्या एका घरात, एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहणार. जावास्क्रिप्टवाल्यांच्या नोडमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात आपल्याला हवं ते व्हर्जन बाळगू शकतं. पायथनचं घर मात्र एकत्र कुटुंबाचं. चूल एक आणि चुलीवर नम्पायचं एकच पातेलं. पांडाज म्हणतं, मला अमुक व्हर्जनच्या वरचं कुठलंही चालेल. नम्बा म्हणतं, तमुकच्या वरचं मला सोसत नाही. टेन्सरफ्लो म्हणतं, मला या दोघांच्या मधलं हवं, आणि तेही आमच्याकडे तपासून घेतलेलं. एकेकाचं म्हणणं ऐकलं तर कुणीच अवाजवी बोलत नाही. पंगत एकदम बसली की मग कळतं, की या सगळ्यांना चालेल असं नम्पाय अजून शिजायचं आहे, किंवा दोन वर्षांपूर्वी शिजून शिळं झालं आहे.

तर 16 जून 2024 रोजी नम्पाय 2.0 आलं. रविवार होता. दवंडी कित्येक महिने आधीच पिटली होती, काय काय मोडेल याची यादी दिली होती, घरं कशी सावरावी याच्या सूचनाही होत्या. त्यामुळे सोमवारी सगळे अत्यंत चकित झाले.

मोडलं काय ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. पांडाजसारख्या पॅकेजांचा वेगवान भाग आधीच कंपाइल करून आपल्याकडे येतो. कंपाइल होताना नम्पायच्या पोटात कुठली गोष्ट किती बाइटांची आहे हे तो पाठ करून ठेवतो. 2.0 मध्ये आतली मांडणी बदलली. जुनं पांडाज सवयीने आत गेलं आणि बाहेर येऊन तक्रार करू लागलं: आकार बदललेला दिसतो, 96 अपेक्षित होते, 88 मिळाले. आठ बाइट कमी! एवढ्यावरून सगळा प्रोग्रॅम जागेवर बसकण मारतो. कॅलेंडरमधली तारीख साठवायलाही कधी कधी आठ बाइट लागतात. पण तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस काय नि पॅकेज काय, माघार कोण घेतो?

यातही एक मौज आहे. नव्या नम्पायच्या साक्षीने कंपाइल झालेलं पॅकेज जुन्या नम्पायबरोबरही गुण्यागोविंदाने नांदतं. जुन्याच्या साक्षीने झालेलं मात्र नव्याशी जमवून घेत नाही. ज्येष्ठ नागरिकांनी हे वैयक्तिक घेऊ नये.

बरं, मग जुनंच ठेवावं म्हटलं तर पायथन स्वतः कुठे थांबलंय? ऑक्टोबर 2024 मध्ये पायथन 3.13 आलं. नम्पायच्या एकच्या मालिकेतलं शेवटचं व्हर्जन 1.26.4, ते 3.12 पर्यंतच्या पायथनसाठी तयार बांधून मिळतं, पुढच्यासाठी नाही. म्हणजे ज्याला नवं पायथन आणि जुनं नम्पाय हवं, त्याच्यासाठी पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं अवजार, मूळ कोड खाली उतरवतो आणि तुमच्याच लॅपटॉपवर कंपाइल करायला घेतो. विंडोजच्या लॅपटॉपवर थोड्याच वेळात त्याच्या लक्षात येतं की इथे कंपायलरच नाही. मग तो ज्या शब्दांत हे कळवतो, त्यांची लांबी सत्यनारायणाच्या पोथीएवढी असते आणि प्रसाद मिळत नाही.

भांडणात चूक कुणाची, हे शोधायला गेलं तर हाती लागतात दोन स्वभाव. पॅकेज लिहिणाऱ्याला आपल्या शिध्याची यादी द्यावी लागते. एक स्वभाव लिहितो: "नम्पाय 1.21 किंवा वरचं." वर म्हणजे कुठवर? कुठवरही. उद्या नम्पाय 7 आलं तरी आपला कोड चालेल अशी त्याची श्रद्धा असते. दुसरा लिहितो: "1.21 च्या वर, पण 2 च्या खाली." 2 अजून जन्मालाही आलेलं नसतं, तरी याचा त्याच्यावर विश्वास नाही. पहिल्याचा भोळेपणा नवं व्हर्जन येईपर्यंत शहाणपणा म्हणून खपतो. दुसऱ्याच्या शहाणपणामुळे नव्या व्हर्जनमध्ये सगळं सुरळीत चालत असूनही घरात पाऊल टाकता येत नाही. पहिला नंतर मोडतो, दुसरा आधी अडवतो. मला विचाराल तर दोघांनाही आपापल्या घरी असंच वागताना मी पाहिलं आहे: एक जण छत्री न घेता बाहेर पडतो, दुसरा ढग दिसला की बाहेरच पडत नाही.

सगळ्यांच्या अटी गोळा करून मध्यम मार्ग काढायचं काम पिपचं. पूर्वी पिपचा कारभार सोपा होता. ज्याने आधी अट सांगितली त्याची ऐकायची, बाकीच्यांना हो हो म्हणायचं आणि पुढे जायचं. इन्स्टॉल झटपट व्हायचं. मोडायचं ते नंतर, ऐन सादरीकरणात. 2020 च्या अखेरीस 20.3 हे व्हर्जन आलं आणि पिपला सदसद्विवेकबुद्धी फुटली. आता तो प्रत्येकाची प्रत्येक अट तपासतो. पटलं नाही तर एक पाऊल मागे येऊन त्याच पॅकेजचं आधीचं व्हर्जन उतरवून बघतो, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. मधूनच सांगतो, की जरा वेळ लागेल. आणखी काही वेळाने सांगतो, की नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे, आणि कंटाळला असाल तर कंट्रोल आणि सी दाबा. यंत्राने इतक्या सभ्यपणे हात टेकलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

पिपसारखंच काम करणाऱ्या कोंडाचा स्वभाव निराळा. तो आधी "एन्व्हायर्न्मेंट सोडवतो आहे" असं म्हणून एक छोटी रेघ गरागरा फिरवत बसतो. बऱ्याच काळाने जाहीर करतो: "कॉन्फ्लिक्ट सापडले!" उद्गारचिन्ह त्याचंच. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडून "मिळाला, मिळाला!" म्हणावं तसा उत्साह. त्यानंतर कोण कुणाशी का जमवून घेत नाही याची जी यादी येते, तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं प्रत्येकाशी फाटलेलं असतं. ज्यांनी नम्पाय जुळवून आणलं त्याच ऑलिफंट यांनी सहकाऱ्याबरोबर 2012 मध्ये कंपनी काढली आणि तिच्यातूनच कोंडा निघाला. आधी कुटुंब वाढवायचं आणि मग पंच नेमायचा, ही दूरदृष्टी म्हणायची.

या पंचांची बाजूही ऐकली पाहिजे. सगळ्यांच्या अटी पाळणारी व्हर्जनं शोधणं हे गणिती दृष्ट्या त्या कुप्रसिद्ध वर्गातलं कोडं आहे, ज्याचं उत्तर हमखास झटपट शोधण्याची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. डेबियन लिनक्सच्या पॅकेजांचा अभ्यास करताना युरोपातल्या संशोधकांनी हे रीतसर सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणजे पीएचडीच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला आपण सहज सांगतो, "ते अमुक पॅकेज टाकून घे आणि मग कामाला लाग," तेव्हा संगणकशास्त्रातला एक थोर न सुटलेला प्रश्न त्याच्या गळ्यात बांधतो आणि त्याला "कामाला लागण्याआधीचं" म्हणतो.

अलीकडे हे पंच चपळ झाले आहेत. 2023 मध्ये कोंडाने मेंदू बदलून घेतला. 2024 च्या फेब्रुवारीत यूव्ही नावाचं रस्ट भाषेतलं अवजार आलं. ते डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल देतं आणि जमत नसेल तर कुणाच्या कुठल्या अटीमुळे जमत नाही हे धड वाक्यात सांगतं. ही मोठीच प्रगती आहे. "नाही" हे उत्तर पूर्वी जेवणाच्या सुटीनंतर मिळायचं, आता लगेच मिळतं. तोटा एकच: "इन्स्टॉल होतंय" असं सांगून कॅन्टीनला जाण्याची सोय गेली.

आमच्याकडे या विषयात तीन पंथ आहेत. पहिला जैसे-थे पंथ. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप असतो, त्यावर सेलोटेपने कागद चिकटवलेला: "हात लावू नये. चालू आहे." वरची धूळ पुसायचीही कुणाची छाती होत नाही, न जाणो, फडक्याने काही अपडेट व्हायचं. दुसरा अपडेट पंथ. यांना सकाळी चहाबरोबर सगळं अद्ययावत करायची सवय असते. "तुझ्याकडे जुनं असेल" हे यांचं प्रत्येक प्रश्नाला उत्तर, आणि "काल चालत होतं" हा यांचा प्रत्येक दिवसाचा आक्रोश. तिसरा पंथ वेगळ्या चुलीचा. कामागणिक नवं एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे भांडणच नको. तत्त्व उत्तम आहे, शास्त्रसंमत आहे. पण या पंथातल्या एका विद्यार्थिनीच्या संगणकावर मी चुलींची नावं वाचली: टेस्ट, टेस्ट-2, नवीन, नवीन-खरं, फायनल, फायनल-चालणारं, सरांचं. प्रत्येकीत नम्पाय, प्रत्येकीत पांडाज, दोघींतिघींत टेन्सरफ्लो. डिस्क भरली तेव्हा तिला यातली कुठली उडवू असं विचारलं.

"सर, 'फायनल-चालणारं' सोडून कुठलीही."

"मग बाकीच्यांत काय आहे?"

"'सरांचं'मध्ये तुमचा कोड आहे. तो चालत नाही."

मदतीसाठी येणाऱ्यांचंही एक शास्त्र असतं. "सर, चालत नाहीये." "काय म्हणतंय?" "लाल म्हणतंय." वाचलंस का, असं विचारलं की चेहऱ्यावर असा भाव येतो, की परक्याचं पत्र वाचायला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर कधी कधी वाचूनही भागत नाही. मे 2022 मध्ये प्रोटोबफ नावाच्या एका आडबाजूच्या पॅकेजचं नवं व्हर्जन आलं आणि टेन्सरफ्लोवाल्यांची घरं एका रात्रीत बंद पडली. तेव्हा जी एरर येत होती, तिच्या वाक्यात "नाही" हा शब्द चुकून दोनदा पडला होता: थेट बनवता येत नाही नाही. व्याकरणाने बघितलं तर बनवता येत होतं. ते एक वाक्य जगभरातल्या कित्येकांनी हताशपणे जसंच्या तसं गूगलमध्ये चिकटवलं, दोन्ही नाहींसकट. पुढचा सल्ला मात्र शुद्ध होता: जुन्या व्हर्जनवर जा.

लिनक्सवाल्यांनी याहून परखड मार्ग काढला. डेबियन 12 पासून त्यांच्या यंत्रणेच्या पायथनमध्ये थेट काही टाकायला गेलं तर पिप नम्रपणे नकार देतो. तरीही टाकायचंच असेल तर हुकुमाच्या शेवटी एक पर्याय जोडावा लागतो. त्याचं नाव, अक्षरशः, "यंत्रणेची पॅकेजं मोड." इतका प्रामाणिक पर्याय मी दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात पाहिलेला नाही. गृहकर्जाच्या अर्जावर असं नाव घातलं तर बँका ओस पडतील. इथे लोक तो पर्याय मुखोद्गत करून ठेवतात.

या बाबतीत शहाणे कोण असतील तर रेडिओ खगोलशास्त्रवाले. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे. तिचा डेटा चाळायला पुष्कळ जण कासा नावाची प्रणाली वापरतात. कासाची पूर्ण प्रत उतरवली की तिच्याबरोबर तिचं स्वतःचं पायथन येतं, स्वतःचं नम्पाय येतं. तुमच्या घरात काय शिजतंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती डबा घेऊन आलेली असते. त्याहून जुनी एप्स नावाची प्रणाली. तिचं काम 1978 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, भाषा फोर्ट्रान, आणि अजून ती वापरणारी मंडळी आहेत. तिच्या व्हर्जनला सरळ त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचं नाव असतं. नम्पायच्या तंट्यात हैराण झालेल्या पोरांकडे एप्सवाले ज्या करुणेने बघतात, ती बघवत नाही.

खरी मेख काळाच्या हिशोबात आहे. वैज्ञानिक पायथनच्या मंडळींनी आपापसात ठरवून टाकलं आहे की पायथनचं एखादं व्हर्जन तीन वर्षं सांभाळायचं आणि नम्पायसारख्या मुख्य पॅकेजांचं दोन वर्षं. हे ठरवलं नसतं तर बिचाऱ्यांनी जुनी ओझी किती वाहायची? निर्णय योग्यच आहे. पण आपल्याकडे पीएचडीला पाच वर्षं लागतात, सहाही लागतात. म्हणजे विद्यार्थी पहिल्या वर्षी ज्या नम्पायवर कोड लिहितो, ते तिसऱ्या वर्षी निवृत्त होतं. त्याच्या जागी आलेलं पाचव्या वर्षी निवृत्त होतं. आणि मार्गदर्शक, ज्यांनी आधी निवृत्त व्हायला हवं होतं, ते अजून "आकृती तीनमध्ये रेघ निळी कर" म्हणत असतात. त्यात शोधनिबंधाचा परीक्षक. हा गृहस्थ निबंध चौदा महिने उशाशी ठेवतो आणि मग लिहितो, की दुसऱ्या तक्त्यातले आकडे थोड्या वेगळ्या नमुन्यावर पुन्हा काढून दाखवावेत. पुन्हा! ज्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये ते काढले होते ते डिस्क भरली तेव्हा उडवलेलं असतं.

म्हणून सुज्ञ लोक व्हर्जनांची यादी एका फाइलमध्ये गोठवून ठेवतात. वरवर बघता ती फाइल नीरस. पण जाणकाराला तिच्यात अख्खी प्रयोगशाळा दिसते. "नम्पाय बरोबर 1.23.5" असं दिसलं की समजावं, की कोडात कुठेतरी जुन्या वळणाचा "नम्पायचा फ्लोट" बसला आहे. हा फ्लोट म्हणजे पायथनचाच साधा फ्लोट, नम्पायच्या दारावर उगाच लावलेली पाटी. 1.20 पासून नम्पाय बजावत होतं की ही पाटी काढणार आहोत, 1.24 मध्ये खरंच काढली, आणि जगभरातला कोड कोसळला. दुरुस्ती एका शब्दाची. पण तो शब्द बदलायचा तर दुसऱ्या कुणाच्या पॅकेजात बदलावा लागतो, ते पॅकेज लिहिणारा आता बँकेत नोकरीला असतो, मग आपण आपलं 1.23.5 लिहायचं आणि शेजारी टीप द्यायची: "वर नेऊ नका. का ते विचारू नका." अशा ओळी फाइलमध्ये साठत जातात आणि प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी एक वाया गेलेली दुपार असते. नवा विद्यार्थी येतो, त्याला वाटतं हा कचरा आहे, तो एक ओळ पुसतो. त्याची दुपार सुरू होते.

सारखं इन्स्टॉल करून देण्याने माझ्याकडे आता सल्ला विचारायला लोक येतात. "सर, नम्पाय कुठलं टाकू?" नवी पोरं अपेक्षेने वही उघडतात. त्यांना वाटतं, मी काही दशांशचिन्हांत बोलेन. पिप, कोंडा, यूव्ही हे सगळे अटींवर अटी तपासतात, हजारो व्हर्जनं चाळतात, पण एक प्रश्न त्यांच्यापैकी एकही कधी विचारत नाही आणि माझा अनुभव असा, की निम्मा गुंता त्या एका प्रश्नाने सुटतो. म्हणून मी तोच आधी विचारतो: "सबमिशन कधी आहे?"

तीन वर्षं असतील तर सगळं नवं टाक, मोडेल तेवढं आत्ताच मोडू दे, दुरुस्त करायला आयुष्य पडलंय. वर्ष असेल तर जे आहे ते गोठव आणि यादी दोन ठिकाणी ठेव. सबमिशन पुढच्या महिन्यात असेल तर कीबोर्डपासून हात वर कर आणि त्या अपडेट पंथवाल्याला आपल्या टेबलाजवळ फिरकू देऊ नकोस.

परवा एकाने सांगितलं, "सर, सबमिशन झालं. आता व्हायवा आहे."

"मग?"

"परीक्षक म्हणाले, कोड चालवून दाखवा. त्यांच्या लॅपटॉपवर."

त्याला मी कासावाल्यांचा पत्ता दिला आहे. डबा घेऊन जायची पद्धत त्यांच्याकडूनच शिकलेली बरी.